माळ्यावरचा डाव

दिवाळीची आवराआवर म्हणजे आमच्या घरी माळ्याची झडती. वर्षभर 'असू द्या, लागेल कधीतरी' म्हणून वर टाकलेल्या वस्तू त्या दिवशी एकेक करून खाली येतात, पुसल्या जातात आणि बहुतेक तशाच परत वर जातात. गेल्या दिवाळीत मात्र सिडकोतल्या आमच्या घराच्या माळ्यावरून दोन खोकी खाली आली, ती परत वर गेली नाहीत. एका खोक्यात नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम होता. पांढरा-लाल डबा, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि चार-पाच कॅसेटी. दुसऱ्यात सोनीचे काळे प्लेस्टेशन टू. सौभाग्यवतींनी दोन्ही खोकी सरळ दाराशी नेऊन ठेवली. भंगारवाल्याची हाक गल्लीच्या तोंडाशी आलीच होती. तेवढ्यात माझा पुतण्या आडवा आला. तो तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे.

"काका, हे भंगार नाही. मला चार दिवस द्या."

"चार दिवसांत काय करणार?"

"चालू करतो. आणि आधी होतं त्यापेक्षा चांगलं चालेल, बघा तुम्ही."

या बोलण्याच्या पहिल्या भागावर माझा विश्वास नव्हता आणि दुसऱ्या भागाची मला धास्ती वाटत होती. त्या धास्तीचे कारण आगपेटीहून थोडे मोठे होते आणि यंत्राच्या तोंडाशीच खोचलेले होते. ते प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड. त्यात आमच्या अण्णांचा एक डाव अर्धवट राहिला आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी तीस वर्षे पाळ्या केल्या आणि २००८ साली ते निवृत्त झाले. रिकामपण त्यांना मानवेना. पुढच्या वर्षी मी घरात हे प्लेस्टेशन आणले, ते मुलांसाठी. पण संध्याकाळी रिमोट धरून बसत ते अण्णा, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून हा पुतण्या. क्रिकेटचा खेळ लागे. अण्णांना झटपट सामने पसंत नव्हते. कसोटीच हवी आणि तीही संथ, एकेक धाव जोडत. जेवणाची हाक आली की पुतण्या म्हणे, "आजोबा, सेव्ह करा." मग उरलेला सामना त्या कार्डात जाऊन बसे. २०२१ मध्ये अण्णा गेले. त्यांचा शेवटचा सामना त्या कार्डातच राहिला.

त्यानंतर वर्षभराने मी ते यंत्र दुरुस्तीला नेले होते. चकती फिरे, पण खेळ उमटत नसे. दुकानदाराने झाकण न उघडताच निदान केले. लेन्स गेली, आता हे मिळत नाही, नवे घ्या. आणि फारच आग्रह असेल तर 'सगळे पुसून, नवे सॉफ्टवेअर टाकून' बघतो. 'सगळे पुसून' हे शब्द ऐकताच मी यंत्र काखोटीला मारले आणि घरी आलो. ते थेट माळ्यावर गेले.

म्हणून पुतण्याला मी एकच अट घातली. कार्डाला धक्का लागता कामा नये. त्यावर तो जे म्हणाला, त्यासाठी आजचा हा लेख लिहिण्याची मला इच्छा झाली. तो म्हणाला, "काका, पहिलं काम तेच असतं. आधी नक्कल, मग हात लावायचा."

जुन्या खेळयंत्रांना नवे आयुष्य देणाऱ्या हौशी मंडळींचे एक मोठे जग आहे. मला त्याची काही कल्पना नव्हती. ही मंडळी यंत्र उघडतात, साफ करतात, त्याचे सुटे भाग बदलतात. पण त्यांचे खरे हत्यार स्क्रू ड्रायव्हर नव्हे, ते म्हणजे सॉफ्टवेअर. कोणी ते वर्षानुवर्षे रात्री जागून लिहिले आहे आणि फुकट वाटले आहे. प्लेस्टेशन टूचेच पाहा. हे यंत्र २००० साली जपानात आले, जगभर सुमारे १६ कोटी विकले गेले आणि २०१३ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले. त्याचा दुबळा अवयव म्हणजे चकती वाचणारी लेझर लेन्स. ती झिजली की बाकी सारे धडधाकट असूनही यंत्र मुके होते. २००८ मध्ये हौशी प्रोग्रामरांनी 'फ्री मॅकबूट' नावाचा एक प्रोग्राम तयार केला. प्लेस्टेशन टू चालू होताना मेमरी कार्डात कंपनीची काही सुधारित आज्ञावली आली आहे का, हे तपासून पाहते. हा प्रोग्राम त्या सुधारणेचेच रूप घेऊन कार्डात बसतो. यंत्र त्याला आपला माणूस समजून आत घेते आणि मग चकतीवाचून इतर मार्गाने खेळ सुरू करता येतो. अगदी शेवटच्या काही मॉडेलांत ही फट बुजवली होती. आमचे यंत्र सुदैवाने त्याआधीचे निघाले.

यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की यंत्राला कुठे डाग द्यावा लागत नाही, तार कापावी लागत नाही. ते कार्ड उपसून काढले की यंत्र कारखान्यातून आले तसेच. पुतण्याने वर्गमित्राकडून असे तयार कार्ड आणले, पहिल्या खाचेत घातले आणि अण्णांचे कार्ड दुसऱ्या खाचेत. पडद्यावर फायलींची यादी उमटली. त्याने आधी अण्णांच्या कार्डातली प्रत्येक फाईल पेन ड्राइव्हवर उतरवली. ती नक्कल संगणकावर नेली, तिथून आणखी एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "हा तुमच्या कपाटात ठेवा. एका घरात, एका डब्यात दोन नकला म्हणजे एकच नक्कल."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. हे वाक्य आमच्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे, हे त्याच्या गावी नव्हते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रास फलटणीतला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ च्या सुमारास नेमला गेला. पुढची अनेक वर्षे त्याने लेण्यांच्या अंधारात बसून मोठमोठी तैलचित्रे केली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी नव्याने नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांचे कष्ट दोन आगींत संपले, कारण नकला होत्या पण एकाच ठिकाणी होत्या.

अजिंठ्याचा दुसरा धडाही इथे आठवावा असा आहे. १९२० साली निझाम सरकारने चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. भिंतीवरून सुटू पाहणारा रंगीत गिलावा त्यांनी जागच्या जागी बसवला, हे त्यांचे उपकारच. पण रंग उजळावेत आणि टिकावेत म्हणून त्यांनी शेलॅकचा थर दिला. काही वर्षांनी तो थर पिवळा पडला, काळवंडला. पुढे तो अलगद उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची अनेक दशके गेली. हेतू चांगला, माणसे जाणती, तरी चूक झाली. म्हणूनच जुन्या वस्तूंची निगा राखणारे आता सांगतात की जे उद्या उलटवता येणार नाही, ते आज करू नका.

जुन्या खेळयंत्रात 'सुधारणा' करू पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने हे दोन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. काही उत्साही मंडळी नव्या टीव्हीची पिन बसावी म्हणून जुन्या डब्याला करवतीने भोक पाडतात. काही जण मूळ चिप उपटून फेकून देतात. तेच काम बाहेरून जोडायच्या छोट्या डबीने होत असेल तर डब्याला जखम कशासाठी? कार्ड काढले की पूर्ववत, डबी काढली की पूर्ववत, अशी सुधारणा खरी.

आता पहिल्या खोक्याकडे वळतो, कारण माझे बालपण त्यात आहे. १९९४ च्या दिवाळीत अण्णांच्या बोनसमधून तो टीव्ही गेम गुलमंडीवरून आला. त्या काळी परदेशी यंत्र आणणे सामान्य घराला शक्यच नव्हते. आयात शुल्क भरमसाट होते. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचे मेगा ड्राइव्ह भारतात विकायला घेतले, त्याची किंमत १८,००० रुपये होती. निन्टेन्डोचे यंत्र आपल्याकडे 'सामुराई' या नावाने येत असे, तेही सुटे भाग आणून इथे जोडलेले. आमच्यासारख्या घरांत आले ते मात्र त्या यंत्राचे तैवानी-चिनी जुळे भावंड. हे आम्हाला कुठे ठाऊक होते! आम्हाला ठाऊक होते ते एवढेच की टीव्हीचा चॅनल फिरवत राहायचे, मुंग्या नाहीशा झाल्या की मारिओ दिसतो.

मूळ यंत्र, म्हणजे जपानी फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. त्याची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. १९८५ चा मारिओ, त्याचे सगळे जिने, नळ, ढग, संगीत आणि शेवटची राजकन्या धरून, ४० किलोबाइटमध्ये मावला होता. सकाळी आपल्या फोनवर 'शुभ प्रभात' घेऊन येणारे फुलाचे एक चित्र यापेक्षा जड असते. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदाच माझ्या पिढीविषयी आदराने काही बोलला. अर्थात ते श्रेय त्या जपानी प्रोग्रामरांचे.

आमच्या कॅसेटीवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. प्रत्यक्षात वीस-पंचवीसच निघत. तेच खेळ नव्या नावाने, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कुठे मारिओ दुप्पट उंच उडणारा. ही फसवणूक म्हणून आम्ही चिडत असू. आज पुतण्याने समजावले तेव्हा कळले की कुणीतरी मूळ खेळाच्या आज्ञावलीतले दोन-चार आकडे बदलून ते केले होते. म्हणजे खेळात बदल करण्याची विद्या आमच्या हातात तेव्हाच येऊन पडली होती, पण कॅसेट उघडून पाहिली तर आत काळ्या डांबरासारखा एक ठिपका, त्याखाली चिप. तिथे आमची जिज्ञासा संपे. मग कॅसेट चालेनाशी झाली की तोंडाने फुंकर मारायची. वाचकांपैकी अनेकांनी ती मारली असेल. त्या फुंकरीतला दमटपणा उलट धातूच्या पट्ट्या गंजवतो. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पुसणे हाच खरा उपाय. तीस वर्षांनी हे कळले.

पुतण्याच्या हाताशी असलेली साधने मात्र त्या काळ्या ठिपक्यापाशी थांबत नाहीत. अर्डुइनो नावाच्या स्वस्त पाटीवर चालणारे कॅसेट-वाचक हौशी मंडळींनी बनवले आहेत आणि त्याचा नकाशा सर्वांना खुला आहे. कॅसेट त्यात बसवली की आतला खेळ फाईल म्हणून संगणकावर उतरतो. तो बिनचूक उतरला का, हे कसे कळणार? आपण शाळेत गुणाकाराचा ताळा करून पाहत असू. तसाच या फाईलचाही ताळा निघतो. संगणक साऱ्या आकड्यांवर एक ठरलेली क्रिया करून छोटी खूण काढतो. ती खूण त्याच खेळाच्या नोंदलेल्या खुणेशी जुळली तर नक्कल खरी. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी ताळा चुकतो.

त्यापुढचे हत्यार म्हणजे 'पॅच', आपल्या भाषेत ठिगळ. पण मला ते ठिगळापेक्षा पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या शुद्धिपत्रासारखे वाटते. शुद्धिपत्रात पुस्तक नसते. अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक ऐवजी तमुक वाचावे, एवढेच असते. तसेच या फाईलमध्ये मूळ खेळ नसतो, फक्त फरक असतो. म्हणून ज्याने स्वतः कष्ट करून खेळात भर घातली, तो आपले कष्ट वाटू शकतो आणि दुसऱ्याचा खेळ वाटल्याचा दोष त्याला लागत नाही. 'फायनल फँटसी ५' हा १९९२ चा जपानी खेळ इंग्रजीत आलाच नव्हता. १९९७ मध्ये काही विद्यार्थी वयाच्या हौशी मुलांनी त्याचे इंग्रजी शुद्धिपत्र तयार केले. कंपनीचे इंग्रजी भाषांतर त्यानंतर दोन वर्षांनी निघाले.

मी पुतण्याला विचारले, "मग मराठीत का नाही?" तो हसला आणि कागदावर चौकटी आखू लागला. त्या जुन्या यंत्रात प्रत्येक अक्षराला उभे आठ आणि आडवे आठ ठिपके मिळतात. इंग्रजी अक्षर त्यात ऐटीत बसते. आपल्या अक्षराला वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी नाहीतर रफार, खाली उकार. आठ ठिपक्यांत 'मूर्ती' लिहून दाखवा, असे त्याने मला आव्हान दिले. मला जमले नाही. एकावर एक दोन चौकटी घेतल्या तर जमते, पण चौकटी एका वेळी २५६ च, त्यातच ढग आणि नळही बसवायचे. जोडाक्षरांची काटकसर करावी लागणार. हे कोडे घेऊन तो आणि त्याचे दोन मित्र हल्ली रात्री जागतात. अण्णा म्हणत, मुलगा रात्री जागतो कशासाठी ते आधी बघावे, मग रागवावे.

आता थोडे कटू बोलतो. तिसऱ्या दिवशी पुतण्याने एक डिस्क आणली. वर्गमित्राने दिलेली, तीत शेकडो खेळ भरलेले. मी विचारले, "हे कोणाचे?" तो गप्प झाला. मीही फार ताठ मानेने विचारू शकत नव्हतो. आमच्या '९९९९' वाल्या कॅसेटी तरी कोणाच्या परवानगीने बनल्या होत्या? पण आम्ही अज्ञानात होतो. त्याला सारे ठाऊक आहे. ठाऊक असणाऱ्याची जबाबदारी वेगळी.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत वाटतो तितका आंधळा नाही. त्याच्या कलम ५२ नुसार कायदेशीरपणे मिळवलेल्या संगणक प्रोग्रामची, तो नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत करणे गुन्हा नाही. आपल्या स्वतःच्या कायदेशीर प्रतीवरून खासगी, बिनव्यापारी वापरासाठी नक्कल करणे किंवा तीत फेरफार करणे यालाही तिथे मोकळीक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, दोन वर्षांपर्यंत कैदेची. पण कोणते कुलूप तोडणे? हक्कभंगाच्या हेतूने तोडलेले. म्हणजे कायदा हेतू विचारतो. आमच्या कपाटातली विकत घेतलेली क्रिकेटची चकती लेन्स गेल्यामुळे वाचता येत नाही, म्हणून तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, यात चोरी नाही. मित्राने दिलेली शेकड्यांची रास मात्र चोरीच. ती डिस्क परत गेली. पुतण्या दिवसभर घुम्यासारखा होता, संध्याकाळी बोलू लागला.

पण कंपन्यांनाही विचारले पाहिजे. विकणे बंद, दुरुस्त करणे बंद, आणि दुसऱ्याने जपायचेही बंद, हे कसे चालेल? निन्टेन्डोने सुटे भाग उरले नाहीत म्हणून फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ च्या ऑक्टोबरअखेर थांबवली. चोवीस वर्षे सेवा दिली, हे कौतुकास्पदच. पण त्यानंतर ते यंत्र जिवंत राहिले ते हौशी लोकांमुळे. व्हिडिओ गेमच्या इतिहासावर काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे दिसले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने यांचा त्यात विचार झाला. चांगलेच झाले. पण त्यात आणखी एक कलम हवे. ज्या यंत्राची विक्री आणि सेवा कंपनीने सोडून दिली, त्याचा नकाशा आणि दुरुस्तीची माहिती तिने लोकांसाठी खुली करावी. त्यात कंपनीचे काही जात नाही. आमच्यासारख्यांचे मात्र बरेच काही वाचते.

चौथ्या दिवशी एक अडचण राहिली. बंदूक. बदकांच्या खेळातली ती बंदूक नव्या टीव्हीवर चालेना. त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. बंदूक काही सोडत नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तर बदक पडले. जुनी पिक्चर ट्यूब चित्र आल्या आल्या रेघारेघांनी रंगवी. नवा टीव्ही आधी चित्र साठवतो, सुधारतो, मग दाखवतो. तेवढ्या अवधीत बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. खेळातली वाट पाहण्याची वेळ वाढवून आणि बंदुकीतही थोडा फेरफार करून हौशी लोकांनी यावर तोड काढली आहे. पुतण्याने दुसरा मार्ग धरला. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून तो एक जुना चौदा इंची टीव्ही स्कूटरवर घेऊन आला. व्हिडिओकॉनचा.

त्या टीव्हीकडे पाहून मला भरून आले. पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा तो कारखाना आमच्या शहराचा एके काळचा अभिमान होता. आमच्या आळीतली किती मुले तिथे लागली, किती घरांत तिथले पगार आले. देशभर गेलेल्या त्या पडद्यांवर किती मारिओ उडाले असतील! २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या टीव्हीला हात लावण्याआधी मी पुतण्याला बजावले, ते इथेही बजावतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरी उघडू नये. बंद करून, पिन काढून ठेवला तरी आत जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब राहू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचेच.

आणि असे जाणते आता दुर्मिळ होत चालले आहेत. नव्वदच्या दशकात पैठण गेट, शहागंज भागात एका टेबलावर संसार मांडून बसलेले दुरुस्तीवाले असत. डोळ्याला भिंग, हातात तापलेले सोल्डरिंग आयर्न, कानात पेन्सिल. 'छोड के जाओ साब, शाम को देखते' हे त्यांचे ठरलेले उत्तर, आणि संध्याकाळी वस्तू खरेच चालू झालेली असे. 'नवे घ्या' हे ते क्वचितच म्हणत. त्यांची मुले आता मोबाइलचे कव्हर विकतात, कारण उघडता येईल अशी वस्तूच येत नाही. माझे म्हणणे एवढेच की ती विद्या अजून पूर्ण गेलेली नाही, ती अशा पुतण्यांच्या हातात उगवते आहे. आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनात महिन्यातून एक शनिवार जुन्या यंत्रांना द्यावा. घरोघरी माळ्यावर पडलेले रेडिओ, टेप, खेळयंत्रे तिथे यावीत. मुलांनी आधी नक्कल घ्यावी, मग उघडावे, बिघाड शोधावा आणि एकही स्क्रू शिल्लक न उरता परत जोडावे. अभ्यासक्रमातल्या कित्येक पानांपेक्षा हे जास्त शिकवील. आणि पालकांनो, मूल यंत्र उघडून बसले तर पहिले वाक्य 'मोडशील' हे नको. 'आधी काय होते ते लिहून ठेवलेस का?' हे असू द्या.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळ झाल्यावर पुतण्याने ते काळे यंत्र लावले. आमच्याच चकतीवरून संगणकाने घेतलेली प्रत पेन ड्राइव्हवर होती. या यंत्राचा पेन ड्राइव्हचा मार्ग जुन्या पद्धतीचा, संथ, त्यामुळे सुरुवातीची चित्रफीत अडखळत चालली. मग मैदान आले. त्याने नव्या कार्डावर उतरवलेला अण्णांचा सामना उघडला. अण्णांचे मूळ कार्ड देवघराच्या खणात ठेवले होते, सौभाग्यवतींनीच ठेवले. पडद्यावर धावफलक उमटला. अण्णांचा फलंदाज ६४ वर नाबाद होता. किती षटकांत, ते मी सांगत नाही. अण्णांची अब्रू राहू द्या.

कोणी काही बोलले नाही. मग पुतण्या हळूच म्हणाला, "काका, पुढे खेळू का? नकलेवरच आहे."

मी मान हलवली. त्याने दोन चेंडू जपून तटवले. तिसऱ्यावर पुढे सरसावला आणि मधली यष्टी उडाली. सौभाग्यवती "अरे देवा!" म्हणाल्या. पुतण्याने यंत्र बंद केले, नक्कल पुन्हा लावली, सामना पुन्हा उघडला. अण्णा परत ६४ वर नाबाद.

"आता तुम्ही," असे म्हणून त्याने रिमोट माझ्या हातात दिला.